आमच्या घरात ऐरण का नसावी?

अमेरिकेत स्थिरावलेल्या आपल्या बौद्ध कुटुंबांच्या घरांना बहुधा दोन मोटारींचे गॅरेज असते. त्यात एक मोटार, मुलांच्या लहानपणच्या सायकली आणि न उघडलेली खोकी एवढा संसार कोंबलेला असतो. शेजारच्या गॅरेजमधून मात्र शनिवारी सकाळी ठोकण्याचा आवाज येतो. आठवडाभर बँकेत किंवा शाळेत नोकरी करणारा तो शेजारी केवळ हौसेने गॅसची भट्टी पेटवून लोखंड घडवीत असतो. आपल्या मुलाने हेच शिकण्याची इच्छा व्यक्त केली, तर घरातून एकच प्रश्न येतो: "याच्यासाठी का आपण सातासमुद्रापार आलो?" या प्रश्नाविरुद्ध आम्हांस आज लिहावयाचे आहे.

हा प्रश्न आपला नाही. ज्याने हाताने काम करणाऱ्यास खालचा आणि हात न मळविणाऱ्यास वरचा ठरविले, त्या मनूचा तो प्रश्न आहे. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही उतरंडीची, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात निर्विवादपणे मांडले. आपण धर्म सोडला, गाव सोडले, देशही सोडला. पण श्रमाविषयीची घृणा सामानात बांधून येथवर आणली. मुलगा शल्यविशारद झाला की आपण पेढे वाटतो. पण लंडनमध्ये १७४५ पर्यंत शस्त्रवैद्य आणि न्हावी एकाच संघाचे सभासद होते, आणि औषधे लिहून देणारे वैद्य शस्त्रवैद्यांना हातकामी म्हणून कमी लेखीत, हे आपण विसरतो. शल्यक्रिया हेही हातकामच आहे!

काही सुशिक्षित बांधव म्हणतील, "हे तर बलुतेदारीकडे परत जाणे झाले." हा आक्षेप इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. गावगाड्यात ऐरण लोहाराची होती. आपल्यापैकी बहुसंख्यांच्या पूर्वजांच्या वाट्याला वतनाची वेठ आली, मेलेली ढोरे ओढणे आले. हातोडा आला नाही. शहरातही तेच घडले. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्याची दारे आपल्या माणसांना बंद होती, कारण तेथे धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि इतरांना त्याचा विटाळ होई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. पुढे १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी पुन्हा तेच गाऱ्हाणे मांडले: रेल्वेच्या कारखान्यांत अस्पृश्य माणूस हमाल म्हणून चालतो, कारागीर म्हणून चालत नाही. तेव्हा हातोडा हा आपण टाकून दिलेला वारसा नाही. तो आपल्यापासून दूर ठेवलेला अधिकार आहे. तो हाती घेणे ही माघार कशी ठरेल?

ज्या देशात आपण राहतो त्याच देशातील एक उदाहरण पाहू. दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन शहरी फिलिप सिमन्स (१९१२–२००९) नावाचे कृष्णवर्णीय लोहार होऊन गेले. गुलामगिरीत जन्मलेल्या पीटर सिमन्स या वृद्ध लोहाराच्या हाताखाली ते वयाच्या तेराव्या वर्षी शिकू लागले. घोडागाड्यांचे दिवस संपल्यावर ते नक्षीदार फाटके व कठडे यांकडे वळले. अशी पाचशेहून अधिक कामे त्यांनी घडविली, आणि त्यांतील बरीचशी घरामागच्या लहानशा कार्यशाळेत. १९८२ साली त्यांना राष्ट्रीय पातळीवरील 'नॅशनल हेरिटेज फेलोशिप' हा सन्मान लाभला. गुलामाचा हातोडा मालकाच्या नफ्यासाठी चाले. सिमन्स यांच्या हातोड्याने त्यांचे स्वतःचे नाव शहराच्या फाटकाफाटकावर कोरले. या देशातील लोहारकलाप्रेमींची संघटना १९७३ साली स्थापन झाली. ती कोणाला जन्म विचारीत नाही.

"यात बुद्धीचे काय काम?" असे विचारणाऱ्यांनी एकदा छिन्नी घडवून पाहावी. आम्ही वैद्यकीय व्यवसायातील माणसे डोळ्यांतील पिवळेपणा आणि नखांवरील निळेपणा पाहून रोगाचा माग काढतो. लोहारही रंगच वाचतो. काळपट लाल लोखंड हट्टी असते, नारिंगी-पिवळे झाले की मऊ मातीसारखे वळते, आणि पांढरे होऊन ठिणग्या टाकू लागले की ते जळू लागले असे समजावे. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलादाला चुंबक चिकटेनासा होतो. त्याहून थोडे अधिक तापवून ते तेलात बुडविले की ते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही. म्हणून ते घासून पुन्हा हळूहळू तापवावयाचे. सुमारे २३० अंशांच्या आसपास पृष्ठभागावर वाळल्या गवताचा रंग चढतो. तेथे थांबले की धारही टिकते आणि पातेही तुटत नाही. आपले लोक यालाच हत्याराला पाणी देणे म्हणतात. यात पदार्थविज्ञान नाही काय? पाठांतरावर गुण मिळविलेल्या आपल्या मुलांना ऐरण एक निराळा धडा देते: लोखंड वशिला मानीत नाही आणि पदवीही मानीत नाही.

धम्माच्या दृष्टीनेही विचार करावा. तथागतांनी शेवटचे भोजन स्वीकारले ते पावा येथील चुंदाचे. पाली ग्रंथ त्याला 'कम्मारपुत्त', म्हणजे धातुकाम करणाऱ्याचा पुत्र, असे म्हणतात. त्या भोजनानंतर तथागतांचे दुखणे बळावले. तरीही चुंदाला कोणी दोष देऊ नये, त्याच्या दानाचे पुण्य संबोधीपूर्वीच्या भोजनदानाइतकेच थोर आहे, असा निरोप त्यांनी आनंदाकरवी ठेवला. ज्याच्या घरी तथागत जेवले, त्याच्या व्यवसायाची आपल्याला लाज वाटावी?

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. मायदेशी परंपरागत कारागिरीचे गोडवे गाणारे बरेच आहेत. लोहाराच्या मुलाने लोहारच राहावे असे ज्यांना मनातून वाटते, त्यांच्याशी आमचे काडीचे नाते नाही. लोहाराच्या मुलाला डॉक्टर होण्याची आणि डॉक्टरच्या मुलीला लोहारकाम करण्याची सारखीच मोकळीक हवी. होय, मुलीला! जन्माने लादलेला धंदा ही बेडी आहे. आवडीने उचललेला हातोडा हे स्वातंत्र्य आहे.

बंधुभगिनींनो, आमचे मागणे मोठे नाही. पुढील वर्षीच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी वक्तृत्व स्पर्धेच्या शेजारी एक मेज मांडा आणि त्यावर मुलामुलींनी स्वतः घडविलेल्या वस्तू ठेवा. एखादा आकडा असेल, एखादी वेडीवाकडी सांडशी असेल. गॅरेजमधील खोकी हलवा. भट्टी पेटविताना दार सताड उघडे ठेवा, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा किंवा नळी भट्टीत घालू नका. तिच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा, कानांत बोळे हवेत आणि अंगावर सुती कपडे हवेत. वैद्य म्हणून आमच्या अटी एवढ्याच. बाकीच्या सर्व अटी मनूच्या आहेत, आणि त्या आपण १९२७ साली महाडला जाळून आलो आहोत.

जय भीम!