व्हिसा दहा वर्षांचा, मुक्काम सहा महिन्यांचा

अमेरिकेतील मुलामुलींकडे जाणाऱ्या आई-वडिलांच्या पारपत्रावर दहा वर्षे मुदतीचा पर्यटक व्हिसा असणे ही आता नित्याची बाब झाली आहे. त्यावरील अखेरची तारीख म्हणजे तोपर्यंत तेथे राहण्याचा परवाना, हा समज मात्र महागात पडू शकतो. व्हिसाची वैधता आणि मुक्कामाची परवानगी या दोन स्वतंत्र गोष्टी असून त्या देणारे अधिकारीही वेगवेगळे आहेत.

व्हिसा अमेरिकेची वकिलात देते. त्या मुदतीत प्रवाशाला अमेरिकेच्या विमानतळावर किंवा सीमेवर जाऊन प्रवेश मागता येतो, एवढाच त्याचा अर्थ. प्रवेश द्यायचा की नाही आणि किती दिवसांसाठी, हे तेथील सीमा अधिकारी ठरवतो. पर्यटकांना साधारणपणे सहा महिने दिले जातात. देश सोडण्याची अखेरची तारीख ‘आय-९४’ या नोंदीत असते. पूर्वी या नोंदीचे कागदी कार्ड पारपत्राला जोडले जात असे. २०१३ पासून विमानाने व जहाजाने येणाऱ्यांसाठी ती संगणकीकृत झाली असून प्रवाशाने ती सरकारी संकेतस्थळावर पाहावयाची असते. कार्ड नाहीसे झाले, व्हिसावरील तारीख मात्र डोळ्यांसमोर राहिली. गोंधळाचे एक कारण हेच आहे.

समजा, व्हिसाची मुदत २० मार्चला संपते आणि प्रवासी १० मार्चला पोहोचतो. त्यालाही सहा महिन्यांची परवानगी मिळू शकते. मध्यंतरी व्हिसा संपला तरी त्याचा मुक्काम वैधच राहतो. याउलट व्हिसाची आठ वर्षे शिल्लक असली, तरी ‘आय-९४’वरील तारीख उलटल्यावर एक दिवसही राहता येत नाही.

या चुकीची किंमत मोठी आहे. मुदतीपेक्षा जास्त काळ राहिल्यास तो व्हिसा कायद्यानेच निरर्थक ठरतो. १९९६ च्या कायद्यानुसार, १८० दिवसांहून अधिक पण वर्षापेक्षा कमी काळ बेकायदा राहून परतणाऱ्यास तीन वर्षे, तर वर्ष किंवा त्याहून अधिक काळ राहणाऱ्यास दहा वर्षे प्रवेशबंदी होते. मुलीचे बाळंतपण, नातवंडांची देखभाल किंवा अचानक आलेले आजारपण यांमुळे मुक्काम लांबण्याची वेळ अनेक कुटुंबांवर येते. अशा वेळी मुदत संपण्यापूर्वीच मुदतवाढीचा अर्ज करणे हा सरळ मार्ग आहे. अर्थात, अर्ज केला म्हणजे मुदतवाढ मिळालीच असे नव्हे.

युरोपातील शेंगेन देशांचा हिशेब निराळा आहे. तेथे व्हिसाच्या चिकटपट्टीवर वैधतेचा कालावधी आणि मुक्कामाचे दिवस वेगवेगळे छापलेले असतात. व्हिसा अनेक वर्षांचा असला तरी कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसच राहता येते. आगमनाचा आणि प्रस्थानाचा दिवसही त्यात मोजला जातो. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय संघाने नियमित प्रवास करणाऱ्या भारतीयांना दोन व पाच वर्षांचे व्हिसा देण्याचे धोरण स्वीकारले. ९० दिवसांची मर्यादा मात्र कायम ठेवली. ऑक्टोबर २०२५ पासून तेथे प्रवेश व निर्गमनाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाल्याने दिवसांचा हिशेब आता केवळ शिक्क्यांवर अवलंबून राहिलेला नाही.

दीर्घ मुदतीच्या व्हिसामागील धोरण यावरून स्पष्ट होते. वारंवार येणाऱ्या पाहुण्याची नव्याने छाननी करण्याचे काम वाचावे आणि प्रवासाला चालना मिळावी, हा त्याचा हेतू आहे. पाहुण्याने तेथेच वस्ती करावी, हा नव्हे. भारताचा पाच वर्षांचा ई-पर्यटक व्हिसाही परदेशी नागरिकाला सलग पाच वर्षे राहू देत नाही.

व्हिसाची मुदत जसजशी लांबत आहे, तसतसे या दोन तारखांमधील अंतरही वाढत आहे. त्यामुळे परदेशी पोहोचताच मुक्कामाची अखेरची तारीख तपासून ती परतीच्या तिकिटाशी ताडून पाहणे, हीच सर्वांत मोठी खबरदारी ठरते.