लाजेचे निमित्त

ऑक्टोबर उजाडला की आपल्या वृत्तपत्रांच्या पुरवण्या गुलाबी होतात आणि त्यांतून एक जुनेच प्रवचन नव्याने छापले जाते. उशिरा केलेले लग्न, मोजकी मुले, अंगावर न पाजणे, बैठे काम! थोडक्यात, स्तनाचा कर्करोग म्हणजे शहरातल्या शिकलेल्या बाईने स्वतःवर ओढवून घेतलेले दुखणे. आणि खेड्यातली बाई त्याने मेलीच, तर ती अज्ञानाने आणि लाजेने मेली. या प्रवचनात रोग होणे आणि रोगाने मरणे या दोन निराळ्या गोष्टींची सरळसरळ गल्लत आहे.

पहिल्या भागात तथ्य नाही असे नाही. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६०च्या दशकात सुरू झाली. डॉ. जस्सावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावरून धर्मवार तुलना केली, तेव्हा पारशी स्त्रियांत या रोगाचे प्रमाण सर्वाधिक निघाले. उशिराचे विवाह, थोडी बाळंतपणे, दीर्घ आयुष्य ही कारणे तिथे लागू पडतात. पुढे १९८७ साली बार्शीत ग्रामीण नोंदणी सुरू झाली. तिथला दर मुंबईहून बराच कमी आढळला. पण हा रोग होण्याचा दर. तो झाल्यावर कोण जगते, याचा निकाल निराळ्या ठिकाणी लागतो.

अमेरिकेचे उदाहरण पाहावे. १९७०च्या दशकात तिथल्या गौरवर्णीय आणि कृष्णवर्णीय स्त्रियांचे या रोगाचे मृत्युदर जवळपास सारखे होते. मग क्ष-किरण तपासणी आली, नवी औषधे आली, आणि दोन रेषा फाकल्या. आज कृष्णवर्णीय स्त्रियांना हा रोग किंचित कमी होतो, तरी त्याने मरण्याचा त्यांचा दर सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आहे. म्हणजे ही दरी उपचार नसताना नव्हती. उपचार आले आणि ते सर्वांपर्यंत सारखे पोचले नाहीत, तेव्हा ती पडली.

आता रत्नागिरीकडे या. २०११च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हे काही स्त्रीसन्मानाचे लक्षण नव्हे. पुरुष मुंबईला आहेत एवढाच त्याचा अर्थ. मागे उरलेल्या बाईच्या वाट पाहण्याचे आपल्या ललित गद्याने केवढे कौतुक केले! तिला गाठ लागते तेव्हा काय होते, हे मात्र त्या गद्याला पाहवले नाही. ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी लावणीच्या दिवसांत कोण घर सोडील? वाडी डोंगराच्या कुशीत, एस.टी. फाट्यावर थांबते. प्राथमिक केंद्र, मग तालुका, मग जिल्ह्याचे गाव, मग मुंबई. प्रत्येक ठिकाणी एक दिवस, एक चिठ्ठी आणि ‘पुन्हा या’. पैशाचा निर्णय मुलगा नाहीतर नवरा घेणार, आणि तो गणपतीला येणार.

उपचार सुरू झाल्यावरही समता नाही. स्तन वाचवून केवळ गाठ काढायची, तर त्यामागून किरणोपचार घ्यावे लागतात: आठवड्यातले पाच दिवस रोज, आणि असे तीन ते पाच आठवडे. जिला यंत्राजवळ राहायची सोय नाही, तिचा सबंध स्तन काढणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. महात्मा जोतिराव फुले योजनेतून शस्त्रक्रियेचा खर्च भागतो; पण बुडालेली मजुरी, गोठ्यातली गुरे आणि सोबतीला आलेल्या माणसाची खाणावळ यांचे काय? दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आसरा देते. पण एका धर्मशाळेत सारे राज्य मावत नाही.

या सगळ्या वाटेवर लाज आहेच. पडदा नसलेल्या खोलीत, परक्या पुरुषापुढे चोळी काढायची वेळ आल्यावर कुणाला लाज वाटणार नाही? शहरातल्या बाईला ती वाटत नाही कारण तिच्यासाठी खोली आहे, पडदा आहे, स्त्री डॉक्टर आहे.

आपल्याकडचा रोगच मुळात अधिक आक्रमक असतो, असेही सांगितले जाते. संप्रेरकांच्या औषधांना दाद न देणाऱ्या गाठींचे प्रमाण इथे पाश्चात्त्य देशांहून अधिक आहे, हे खरे. तरी टाटा स्मारकाने मुंबईत १९९८ पासून केलेला प्रयोग विसरता येत नाही. त्यात दीड लाखाहून अधिक स्त्रिया होत्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केवळ हाताने तपासणी केली. तीही दोन-दोन वर्षांनी, चार वेळा. २०२१ साली वीस वर्षांचे निष्कर्ष आले. रोग आधीच्या अवस्थेत सापडला होता, आणि पन्नाशी उलटलेल्यांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले होते. पन्नाशीच्या आत तसा लाभ दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण शहर तेच होते आणि वस्त्याही तशाच गरीब होत्या. फरक होता तो दारापर्यंत आलेल्या बाईचा.

आणि देशभर काय चालले आहे? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी अशी तपासणी कधीतरी झालेल्या एक टक्काही नाहीत. डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने टाटा स्मारकाच्या जोडीने रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावांत तपासणीचे काम केले आहे. म्हणजे ते इथे करता येते. नोंदणीचे अहवाल धर्म विचारतात, गाव विचारतात. त्यांत कुणबीवाडीतल्या आणि बौद्धवाडीतल्या मरणांचा वेगळा रकाना नाही. गुलाबी पुरवणी काढणाऱ्यांनी पुढच्या ऑक्टोबरात निदान तो रकाना मागावा.