केबिन कुणाच्या बापाची नाही

मागच्या महिन्यात आमच्या गावातल्या एका चित्रपट मंडळात ‘ट्रकर’ हा २००८ सालचा अमेरिकन चित्रपट दाखवला. दिवे लागले आणि पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी तो एका वाक्यात निकालात काढला : “हा तर ‘ओव्हर द टॉप’. बापाच्या जागी आई बसवली, संपलं.” सभागृहात माना डोलल्या. दुसऱ्या एकाने पुस्ती जोडली, की ट्रक चालवणारा पालक आणि दुरावलेलं पोर हा आता घासून गुळगुळीत झालेला नमुना आहे, मौलिक असं त्यात काही उरलेलं नाही. मी उठलो, पण मला दोन मिनिटांत बसवण्यात आलं. त्या दोन मिनिटांत जे बोलता आलं नाही ते इथे लिहितो आहे, आणि रागाने लिहितो आहे.

आरोपात खरं काय आहे ते आधी सांगतो. साम्य आहे, आणि ते वरवरचं नाही. १९८७ च्या ‘ओव्हर द टॉप’मध्ये सिल्व्हेस्टर स्टॅलोनचा ट्रकचालक बाप अनेक वर्षं दुरावलेल्या मुलाला सैनिकी शाळेतून उचलतो, कारण मुलाची आई आजारी आहे. ‘ट्रकर’मध्ये मिशेल मोनॅहनची डायान मूल तान्हं असतानाच घर सोडून गेली आहे. अकरा वर्षांनी बापाला कर्करोग होतो आणि बापाची जोडीदार मुलाला तिच्या दारात आणून सोडते. दोन्हीकडे एक पालक रस्त्यावर, दुसरा अंथरुणावर, मधे एक रुसलेलं पोर आणि त्या दोघांना एकत्र कोंडणारी केबिन. कागदावर दोन्ही कथा एकमेकींवर ठेवल्या तर कडा जुळतात.

पण त्या का जुळतात, हा प्रश्न त्या सभागृहात एकालाही पडला नाही.

१९८४ साली मी आठ वर्षांचा होतो. तात्या, म्हणजे माझे वडील, दहा टायरची गाडी चालवायचे. सांगलीची हळद घेऊन दिल्ली, येताना मिळेल ते भाडं. आमच्यासाठी वडील म्हणजे दिवसा घरात झोपलेला माणूस. ते आले की आम्हाला अंगणात हाकललं जायचं, आवाज करायचा नाही अशी तंबी मिळायची, आणि त्यांचे डोळे उघडेपर्यंत पुढच्या खेपेची बिल्टी तयार असायची. त्या वर्षी आईचं मिरजेत ऑपरेशन झालं. आत्या बाळंतपणात अडकलेली, आजी तर केव्हाच गेलेली. मला ठेवायला घर उरलं नाही आणि खेप सोडायची तात्यांची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी मला गाडीत घातलं. धुळे, सेंधव्याचा नाका, इंदूर, आग्रा, दिल्ली आणि परत. स्टॅलोनचा चित्रपट तेव्हा यायचा होता आणि मोनॅहन माझ्याएवढीच होती. तात्यांनी कुणाची नक्कल केली?

हा धंदा माणसाला घरापासून तोडतो. खेप झाली तर पैसे, नाही झाली तर हप्ता तसाच अंगावर. अमेरिकेतही लांब पल्ल्याच्या चालकांना बहुतांशी मैलांवरच पगार मिळतो, म्हणजे थांबलेला दिवस हा उपाशी दिवस. मोटर वाहतूक कामगारांसाठी आपल्याकडे तेव्हा १९६१ सालचा कायदा होता, दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांचा. तात्यांना त्यातलं एक अक्षरही कुणी कधी सांगितलं नाही. अशा माणसाच्या केबिनमध्ये त्याचं पोर एरवी येतच नाही. घरचा दुसरा खांब कोसळतो तेव्हाच ते येतं. म्हणून आजारपण दोन्ही चित्रपटांत आहे, आणि म्हणूनच ते माझ्या घरातही होतं. याला उसनवारी म्हणायचं असेल तर प्रत्येक कोळ्याच्या गोष्टीत वादळ येतं, तीही उसनवारीच म्हणावी लागेल.

आता त्या “आई बसवली, संपलं”कडे येतो, कारण माझा खरा संताप तिथे आहे. संपलं? तिथेच तर सुरू होतं. आपली भाषाच ऐका. बाप वर्षानुवर्षं बाहेर राहिला तर आपण म्हणतो, पोटासाठी वणवण करतो बिचारा. आई तशी राहिली तर आपण म्हणतो, पोर टाकून गेली. वस्तुस्थिती एकच, पण पुरुषाला वणवण मिळते आणि बाईला टाकणं. स्टॅलोनच्या बापाला प्रेक्षक पहिल्या काही मैलांतच माफ करतात, त्याला नुसतं मुलावर प्रेम आहे एवढं पुरतं. डायानला ती सवलत नाही. ती स्वतःहून निघून गेलेली आहे, तिला गाडी आवडते, एकटेपणा आवडतो, पुरुष हवे तेव्हा हवे असतात आणि सकाळी नको असतात. मुलगा आला म्हणून तिच्या छातीत एकदम पान्हा फुटत नाही. जेम्स मॉटर्न या दिग्दर्शकाने तिला लाडकी करून आपल्यापुढे ठेवण्याचा मोह टाळला आहे. ती नकोशी वाटावी, मग समजावी, आणि समजल्यावरही अडचणीची राहावी, हे फार कठीण काम आहे. ते ज्याला “बापाच्या जागी आई” इतकंच दिसतं त्याने चित्रपट पाहिलेलाच नाही. त्याने दोन ओळींचा गोषवारा वाचला आणि त्यावर हात झटकले. हा निव्वळ आळस आहे, आणि तो रसिकतेच्या आसनावर बसलेला आहे.

‘ओव्हर द टॉप’बद्दल माझं मत वाईट आहे, तेही लिहितो. तो वाईट चित्रपट आहे, पण कथाबीजामुळे नव्हे. त्यातला ट्रक म्हणजे सजावट आहे. भाडं, डिझेल, झोप यांतल्या कशानेही कथेला वळण मिळत नाही. सगळे पेच मनगटाने सुटतात, लास व्हेगासच्या पंजा लढवण्याच्या स्पर्धेत, आणि बक्षीस काय तर नवा कोरा ट्रक. त्याचा सांगाडा ‘द चॅम्प’ या बॉक्सरच्या आणि त्याच्या पोराच्या चित्रपटाची आठवण करून देतो. तो किंग व्हिडॉरने १९३१ मध्ये केला आणि झेफिरेलीने १९७९ मध्ये पुन्हा. दोष आखाड्यातली गोष्ट घेतल्याचा नाही. आखाडा आणला आणि रस्ता पाहिलाच नाही, हा तो दोष आहे. मौलिकतेची कसोटी लावायचीच असेल तर ती अशी, चित्रपटाच्या आतल्या वस्तूला लावायची.

पाब्लो जॉर्जेलीचा ‘लास अकासियास’ घ्या, अर्जेंटिनाचा, २०११ चा. रुबेन पॅराग्वेतून लाकूड घेऊन ब्युनोस आयर्सला चालला आहे. मालकाच्या सांगण्यावरून त्याला एका बाईला न्यायचं आहे, आणि तिच्या कडेवर पाच महिन्यांची मुलगी आहे हे त्याला आधी कुणी सांगितलेलं नाही. पुढचा चित्रपट जवळपास सगळा त्या केबिनमध्ये. संवाद इतके थोडे, की मोजता यावेत. रुबेनलाही एक मुलगा आहे, वर्षानुवर्षं न भेटलेला, पण त्याच्यावर भाषण नाही. एक अनोळखी बाळ त्याच्याकडे टक लावून पाहतं, आणि त्या नजरेखाली हा घट्ट मिटलेला माणूस किलोमीटर किलोमीटरने उलगडतो. कान महोत्सवात पदार्पणातल्या सर्वोत्तम चित्रपटाचा कॅमेरा दोर त्याला मिळाला. गोषवाऱ्यात हाही “ट्रकचालक आणि पोर”च.

आपल्या इथला इवान आयर यांचा २०२० चा ‘मील पत्थर’. दिल्लीचा चालक गालिब, पाच लाख किलोमीटरचा टप्पा गाठलेला, पाठ मोडलेला, बायको गेलेली. त्याला मूलच नाही. त्याच्या शेजारच्या सीटवर पाश नावाचा तरणा शिकाऊ बसवला जातो, आणि गालिबला कळून चुकतं की हाच आपली नोकरी घेणार आहे. गालिब त्याला गाडी शिकवतो, म्हणजे बाप करील तेच करतो, आणि त्या शिकवण्यानेच त्याच्या पोटावर पाय येणार आहे. जागा तीच, शेजारची. पण त्या जागेवर कोण बसतं यावर अख्खा चित्रपट उलटतो.

ती जागा म्हणजे सिनेमाला मिळालेलं देणं आहे. केबिनमध्ये दोन माणसं शेजारी असतात आणि दोघंही समोर बघतात. एकमेकांच्या डोळ्यांत न बघता बोलता येतं, गप्प राहिलं तरी भांडण मानलं जात नाही. बापलेकांना, मायलेकरांना याहून सोयीची खोली जगात कुठे आहे? ती वारंवार वापरली जाणार, आणि जावी.

गोष्टीचं बीज कुणा एकाचं नसतं, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयालाही १९७८ मध्येच कळलं होतं. आर. जी. आनंद यांनी दावा केला होता, की त्यांच्या ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ हा १९५६ चा चित्रपट उचलला. दोन्हींत प्रांतीयतेमुळे अडलेलं प्रेम होतं. न्यायालयाने सांगितलं, की कल्पना, विषय, कथासूत्र यांवर कुणाची मालकी नसते, मालकी असते ती मांडणीवर आणि अभिव्यक्तीवर. आनंद हरले. यासुजिरो ओझू तर स्वतःचीच गोष्ट पुन्हा सांगायला कचरला नाही : गावोगाव फिरणारा नटमंडळीचा मालक आणि त्याला मामा समजणारा त्याचाच मुलगा, १९३४ मध्ये मूकपटात आणि १९५९ मध्ये रंगांत. रस्त्यावरचा बाप तिथेही आहे, फक्त ट्रक नाही. आणि त्याच सभागृहातले हेच लोक ‘अशी ही बनवाबनवी’चे संवाद घडाघडा म्हणतात. तो हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेला आहे. तेव्हा मौलिकतेचा गळा कुणी काढला नाही, काढायची गरजही नव्हती, कारण सचिन पिळगावकरांनी ते घर आपल्या माणसांनी भरलं होतं.

कळंबोलीच्या पोलाद बाजारात उभ्या गाड्यांच्या रांगा बघा, मनमाडजवळच्या पानेवाडीला टँकर भरायला थांबलेली माणसं बघा. त्यांतल्या प्रत्येकाच्या घरी एखादं पोर आवाज न करता अंगणात खेळत असेल. त्यांच्या गोष्टी मराठीत पुऱ्या सांगून व्हायच्या आत आपण जाहीर करून टाकतो की विषय संपला. कुणाचा संपला?

१९८४ च्या त्या खेपेत बिजासनच्या घाटात तात्यांनी गाडी बाजूला घेतली. किन्नर, म्हणजे क्लीनर, मागच्या चाकाला लाकडाचा ठोकळा लावायला उतरला. मला डुलकी लागत होती, आणि वळणावर पोर पुढच्या काचेवर आदळेल अशी भीती तात्यांना होती. त्यांनी गळ्यातला पंचा काढला, दोनदा पिळला, माझ्या पोटाभोवती घेऊन सीटच्या पाठीला बांधला आणि ताडपत्रीच्या दोराला मारायचे तीच गाठ मारली. सकाळी इंदूरला ती गाठ सुटेना. चहाच्या टपरीवर लोक बघत होते आणि तात्या दातांनी ती सोडवत होते. तो पंचा मी आजवर कुठल्याही चित्रपटात पाहिलेला नाही.