कान कोरण्याची सवय आणि कानाचे त्वचाविकार

वर्गातील एखाद्या मुलाला शिक्षकांचा प्रश्न ऐकू गेला नाही, की ‘याचे लक्ष नाही’ असा शेरा त्याच्या पदरी पडतो. त्वचेचे पापुद्रे आणि मळ मिळून त्याच्या कानात बूच बसले असेल, अशी शंका सहसा कोणास येत नाही. कानामागील पांढरे खवले मात्र सर्वांस दिसतात व शेजारचा विद्यार्थी दप्तर घेऊन दूर सरकतो. सोरायसिस किंवा इसब कानावर उठला म्हणजे रोग्यास ही दुहेरी शिक्षा भोगावी लागते. तिच्यातील पुष्कळसा भाग रोगामुळे नव्हे, तर अज्ञानामुळे वाट्यास येतो.

प्रौढ माणसाच्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटीमीटर लांब असते. तिच्या बाहेरच्या भागात मळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. आतील भागात हाडावर अतिशय पातळ त्वचा पसरलेली असते. ही त्वचा पडद्याकडून बाहेरच्या दिशेने सावकाश सरकत राहते व जुने पापुद्रे आणि मळ आपल्याबरोबर बाहेर आणते. मळ किंचित आम्लधर्मी असल्याने जंतू व बुरशी यांना आळा बसतो. तात्पर्य, निरोगी कान स्वतःची सफाई स्वतःच करीत असतो.

सोरायसिसमध्ये या व्यवस्थेवर ताण पडतो. एरवी त्वचेच्या पेशींना तळापासून वर येऊन गळून पडण्यास सुमारे एक महिना लागतो. या विकारात शरीराच्या संरक्षणयंत्रणेतील बिघाडामुळे हाच प्रवास काही दिवसांत उरकतो आणि पापुद्र्यांचे थर साचतात. इसबाची कारणे निराळी असतात. काहींची त्वचा जन्मतःच हळवी असते. काहींना कर्णभूषणांतील निकेल, केसांचा कलप किंवा चष्म्याची काडी बाधते. कधी तर कानात घातलेल्या थेंबांतील निओमायसिनच इसब वाढविते. भारतात लहानपणीच कान टोचण्याची चाल सर्वत्र आहे. म्हणून स्वस्त मिश्रधातूची डूल घालताना अधिक सावध असावयास हवे.

अशा कानास खाज सुटते, आणि हात काडेपेटीतील काडीकडे, केसांच्या पिनेकडे किंवा कानकोरण्याकडे वळतो. अनेक शहरांतील पदपथांवर कान साफ करून देणारे कारागीरही बसलेले असतात. परंतु त्वचेला इजा झाली की त्याच जागी सोरायसिसचा नवा चट्टा उमटू शकतो, हे हाइन्रिख केब्नर या जर्मन वैद्याने एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले. कोरण्याने मळ आत ढकलला जातो, ओरखड्यांतून जंतू शिरतात आणि पडद्यासही इजा होऊ शकते. गरम तेल ओतण्याचा उपायही पडद्याची तपासणी झाल्याखेरीज करू नये.

तथापि ‘खाजवू नका’ एवढा उपदेश पुरेसा नाही. खाज खरी असते, ती झोप मोडते. तिच्यावर इलाज हवाच. १९५२ साली सुल्झबर्गर व विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावल्याने इसब शमतो असे दाखविले. तेव्हापासून स्टेरॉइड मलमे हा उपचाराचा मोठा आधार ठरला आहे. मात्र तीव्र मलम मनास येईल तितके दिवस चोळीत राहिल्यास त्वचा पातळ होते. भारतात २०१८ साली अशा अनेक मलमांची चिठ्ठीवाचून विक्री करण्यावर निर्बंध घालण्यात आले, ते योग्यच झाले. कोणते औषध, किती सौम्य व किती दिवस, हे तज्ज्ञाने ठरवावे. साचलेले पापुद्रे कानाच्या डॉक्टरांकडून काढून घ्यावे आणि स्नानाच्या वेळी कानात पाणी जाऊ देऊ नये. कान दुखू लागला, त्यातून पू आला, किंवा ऐकू येणे कमी झाले, तर दिरंगाई करू नये. मधुमेह असणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

सोरायसिस बहुधा समूळ जात नाही, पण तो आटोक्यात राहू शकतो. उपचाराचे खरे उद्दिष्ट हेच आहे. ‘कायमचा बरा करतो’ अशा जाहिरातींवर भाळून धीर व पैसा गमावण्यापेक्षा हे सत्य स्वीकारणे अधिक हिताचे आहे.

राहिला प्रश्न इतरांच्या वागणुकीचा. गजकर्ण स्पर्शाने पसरतो. सोरायसिस व इसब पसरत नाहीत. एके काळी सोरायसिसची गणना कुष्ठरोगात होत असे. १८४१ मध्ये व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी दोहोंतील भेद स्पष्ट केला. २०१४ साली जागतिक आरोग्य परिषदेने सोरायसिसविषयी स्वतंत्र ठराव केला व तो संसर्गजन्य नाही हे नमूद केले. जे शास्त्राने कधीच निश्चित केले, ते वर्गातील बाकापर्यंत पोहोचवावयास अजून विलंब का व्हावा? ज्याला ऐकू येत नाही त्याचे कान आधी तपासावे आणि मग शेरा लिहावा. ज्याच्या कानावर खवले आहेत त्याच्या शेजारी शिक्षकांनी निःशंकपणे उभे राहावे. मुले हे पाहतील, आणि पाहून शिकतील.