असईचा झेंडा आणि स्कॉटलंडची सहल

वाटूर फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाला भिंतीवरच्या जाहिराती वाचण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. बियाणे, खते, शिकवणी वर्ग आणि अलीकडे परदेशी सहली. अशाच एका पत्रकात शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत स्कॉटलंडचा ‘वैभवशाली वारसा’ आणि एडिंबरोच्या किल्ल्यावरील लष्करी सोहळा मराठी मार्गदर्शकासह दाखवण्याची हमी दिलेली दिसली. ज्या फाट्यावरून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे पोटासाठी गाडीत चढतात, त्याच फाट्यावर ही जाहिरात असावी याचे आता कुणाला नवल वाटत नाही. तालुक्याच्या गावांतही आता असा एक वर्ग आहे, ज्याला ही सहल परवडते. त्याने जावे, जग पाहावे. प्रवासाला विरोध करणे हे समाजवाद्याचे काम नव्हे. प्रश्न आहे तो तिथे काय दाखवले जाते आणि आपण काय न पाहता परत येतो, याचा.

एडिंबरोचा तो सोहळा 1950 पासून दर ऑगस्टमध्ये किल्ल्यासमोरच्या पटांगणात भरतो. दोन लाखांहून अधिक प्रेक्षक तो पाहतात. मशाली, नगारे, शेकडो बॅगपायपर, चौकटीचे घागरे घातलेले सैनिक, आणि शेवटी तटावर एकटाच उभा राहून वाजवणारा पायपर. देखणे आहे, हे मान्यच केले पाहिजे. आमच्या जालना जिल्ह्यातील प्रवाशाला मात्र तिथे कुणीतरी सांगायला हवे, की या घागरेवाल्या पलटणींच्या वैभवात त्याच्याच जिल्ह्यातील एका खेड्याचे नाव गोवलेले आहे.

ते खेडे म्हणजे असई. जिल्ह्याच्या उत्तर अंगाला, केळना आणि जुई या नद्यांच्या दुआबात 23 सप्टेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीने दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लू जिंकणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, पण आपली सर्वोत्तम लढाई म्हणून तो उतारवयातही असईचेच नाव घेत असे. कंपनीचे सुमारे 1,600 लोक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. स्कॉटलंडची 74 वी हायलँडर पलटण असई गावासमोरच्या तोफांच्या तोंडी सापडली. सुमारे पाचशेपैकी चारशे माणसे एका दुपारी पडली. या पलटणीला, 78 व्या हायलँडर पलटणीला आणि 19 व्या घोडदळाला कंपनीने सन्मान म्हणून एक जादा झेंडा दिला. 74 वी पलटण 1881, 1959 आणि 2006 मध्ये निरनिराळ्या पलटणींत विलीन होत गेली. पण असईचा झेंडा आणि हत्तीचे चिन्ह वारशाने पुढे चालत आले, आणि 23 सप्टेंबर हा दिवस पाळण्याची प्रथाही.

हे हायलँडर कोण होते, हे मात्र सोहळ्याच्या माहितीपत्रकात शोधावे लागेल. 1746 मध्ये कलोडनच्या माळावर त्यांच्या टोळ्यांचा पाडाव झाल्यावर इंग्रज सत्तेने त्यांच्या पारंपरिक वेषावर कायद्याने बंदी घातली. ती 1782 पर्यंत टिकली. सवलत एकच होती: राजाच्या फौजेत भरती झालेल्याला तो वेष घालता येई. कुळाने घातला तर गुन्हा आणि शिपायाने घातला तर गणवेश! पुढे जमीनदारांना लोकरीचा भाव कळला आणि कुळांना हुसकावून मेंढरे घालण्याचा सपाटा सुरू झाला. 1792 मध्ये रॉस परगण्यातील लोकांनी जमीनदारांची मेंढरे हाकलून देण्याचे बंड केले, ते सैन्य आणून मोडण्यात आले. आणि लगेच 1793 मध्ये त्याच परगण्यातून 78 वी पलटण उभारण्यात आली. सदरलंडच्या जहागिरीत पंधरा हजार माणसांच्या जागी एक लाख एकतीस हजार मेंढरे आली, हा हिशेब मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात मांडून ठेवला आहे. माणसे परागंदा झाल्यावर 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा वॉल्टर स्कॉटच्या सूत्रसंचालनाखाली त्याने स्वतःच घागरा परिधान केला. आज ज्याला वारसा म्हणून तिकीट लावले जाते, त्याचा बराचसा भाग या मिरवणुकीत घडला.

असईला त्या विस्थापितांच्या समोर कोण होते? शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनापती पोलमान हा हॅनोवरचा जर्मन होता. त्याचे शिपाई बहुतांशी उत्तर हिंदुस्थानातील शेतकऱ्यांची मुले. त्यांचे गोलंदाज तोफेशेजारी संगिनी खाऊन मेले, पण जागा सोडेनात. काही मेल्यासारखे पडून राहिले आणि शत्रू पुढे सरकताच उठून पुन्हा तोफा डागू लागले. वेलस्लीच्या बाजूलाही गोऱ्यांपेक्षा मद्रासी शिपाई अधिक होते, शिवाय म्हैसूरचे आणि खुद्द पेशव्याचे घोडदळ. या लढाईची ‘मराठे विरुद्ध इंग्रज’ अशी सरळ पोवाडेबाज मांडणी करणाऱ्यांनी हे विसरू नये.

आणि पराभवाची किंमत कोणी मोजली? 30 डिसेंबर 1803 च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने अजिंठ्याच्या डोंगरापासून गोदावरीपर्यंतचा शिंद्यांचा मुलूख, जालन्याच्या किल्ल्यासकट, गेला आणि पुढे कंपनीचा मित्र म्हणून निजामाच्या पदरी पडला. वाटूर याच पट्ट्यातले. जी सरंजामशाही उलथून टाकण्यासाठी मराठवाड्याला 17 सप्टेंबर 1948 पर्यंत झुंजावे लागले, तिचा या भागातील पाया असईच्या रणभूमीवर पक्का झाला.

स्वतंत्र भारताच्या सैन्याने असईसारखे, आपल्याच लोकांविरुद्ध मिळवलेले युद्धसन्मान तिरस्करणीय ठरवून बाजूला ठेवले, हे योग्यच झाले. पण झेंडा बाजूला ठेवणे वेगळे आणि स्मृतीच पुसणे वेगळे. ग्लासगोच्या शिपायाला असई हे नाव पाठ असते. आमच्या शाळांतील किती मुलांना ते ठाऊक आहे? मुक्तिदिनाला आम्ही ध्वज उभारतो, भाषणे करतो, आणि सहा दिवसांनी येणारी 23 तारीख कोरडी जाते. जिल्हा परिषदेने शाळांची एक सहल त्या दिवशी असईला न्यावी. तिथे नद्यांचा तो दुआब पायी फिरवावा आणि मराठी फलकावर मद्रासी शिपाई, उत्तरेतले गोलंदाज आणि जमिनीवरून हुसकावलेले हायलँडर या तिघांचीही नोंद करावी. खर्च एस.टी.च्या भाड्याचा. वाटूरहून पहाटे निघाल्यास मुले रात्री जेवायला घरी असतील.