हात बसल्याचे मोल

मोटारीचा सांगाडा रंगायला जाण्याआधी पत्रा तपासणारा कामगार हातमोजा चढवतो आणि दरवाजावरून सावकाश तळवा फिरवतो. डोळ्यांना काहीच दिसत नसते, तरी तळवा एका जागी थबकतो. तिथे खूण होते आणि तो बारीक उंचवटा घासला जातो. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये लेथवरचा मुरलेला माणूस नुसत्या आवाजावरून टूलची धार गेल्याचे ओळखतो. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत याला कुणी चमत्कार म्हणत नाही. हात बसलाय, एवढेच म्हणतात.

मग फोटोग्राफरने नेमक्या क्षणी बटण दाबले की तीच गोष्ट एकदम दैवी देणगी का ठरते? देणगी म्हटले की मागची मेहनत मोजावी लागत नाही, आणि मोबदला देतानाही ‘दोन मिनिटांचे तर काम’ म्हणता येते. हे अन्यायाचे आहे. ‘निर्णायक क्षण’ ही कल्पना ज्यांच्या १९५२ सालच्या पुस्तकामुळे जगभर गेली, ते फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ कॅमेऱ्याकडे वळण्याआधी आंद्रे ल्होत यांच्याकडे चित्रकला शिकले होते. चौकटीत काय कुठे बसते, याची तालीम त्यांच्या नजरेला आधीच मिळाली होती. विचार करायला वेळ नसतो तेव्हा हीच तालीम उपयोगी पडते.

कारखान्यातल्या ओतकामाचा फोटो काढण्याचेच घ्या. तापलेला रस साच्यात पडतो तो काही सेकंद. त्या झगझगाटाला कॅमेऱ्याचे स्वयंचलित मापन फसते आणि माणसांचे चेहरे काळे पडतात. प्रकाश किती धरायचा, रसाची लॅडल कधी कलणार, ओतणारा कोणत्या पायावर भार देणार, हे आधीच अंगात भिनलेले हवे. मोबाइलने धडाधड शंभर फोटो काढले तरी त्यातला कोणता खरा, हे निवडायला तीच नजर लागते.

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्याला तालमीचे हे मोल नव्याने शिकवायला नको. टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, पुण्यातला प्रकल्प १९६६ साली सुरू झाला आणि पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले १९७७ साली. मधल्या काळात टेल्कोची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मुळगावकरांनी यंत्रे, डाय आणि कारागिरांचे हात घडवण्यावर भर दिला. इतकी वर्षे थांबण्याची ती धमक होती. आज त्याच परिसरातले कारखाने फोटोग्राफरला सकाळी बोलावून संध्याकाळी फोटो मागतात. मग कंपनीच्या अहवालात फिती, हस्तांदोलने आणि कॅमेऱ्याकडे पाहणारी हेल्मेटे येतात. काम करणारा माणूस येत नाही.

कारखान्यांनी एवढे तरी करावे. फोटो काढायच्या आधी फोटोग्राफरला एक अख्खी पाळी कॅमेऱ्याविना शॉपफ्लोअरवर उभे राहू द्यावे, आणि त्या पाळीचे पैसेही बिलात धरावेत.