अर्धवट राहिलेले राक्षस

दरवर्षी फेब्रुवारीत दक्षिण ध्रुवावरच्या अमुंडसेन-स्कॉट तळावरून उन्हाळ्याचं शेवटचं विमान उडतं. त्यानंतर कित्येक महिने तिथे कुणी येत नाही आणि तिथून कुणी जात नाही. पुढे सूर्यही मावळतो तो सहा महिन्यांसाठी. विमान दिसेनासं झालं की मागे राहिलेली मोजकी माणसं एकत्र बसतात आणि सिनेमा लावतात. सिनेमाही ठरलेला : जॉन कार्पेंटरचा, १९८२ सालचा ‘द थिंग’. बर्फात अडकलेला तळ, बाहेर जायला वाट नाही, बारा माणसं, आणि त्यांच्यातलं कुणीतरी आता माणूस उरलेलं नाही. ज्यांना पुढचा हिवाळा अशाच तळावर काढायचा आहे त्यांनी नेमका हा सिनेमा निवडावा, यापेक्षा मोठी पावती कुठल्या भयपटाला मिळणार?

आणि हा सिनेमा रिमेक आहे.

रिमेक म्हटलं की भयपटाच्या चाहत्याचं तोंड कडू होतं. त्याला कारणंही तशीच आहेत. जुन्या सिनेमाचं नाव ओळखीचं, म्हणून तिकीट खपणार, एवढ्याच हिशेबावर कितीतरी रिमेक निघाले आणि आठवडाभरात विसरले गेले. पण सरसकट नाक मुरडलं तर ‘द थिंग’चं काय करायचं? ‘द फ्लाय’चं काय करायचं? या दोन सिनेमांनी भयपटाला जे दिलं ते त्यांच्या मूळ सिनेमांना देता आलं नव्हतं. तेव्हा रिमेक करावा की करू नये, हा वाद घालण्यात अर्थ नाही. रिमेक कशाचा करावा, हे विचारायला हवं. उत्तर साधं आहे : ज्या सिनेमाची कल्पना मोठी होती पण पैसा, वेळ किंवा तंत्र तोकडं पडलं, त्याचा. जो पुरता जमून गेला आहे, त्याला हात लावू नये.

‘द थिंग’ची मूळ कथा जॉन कॅम्पबेलची, १९३८ सालची. परग्रहावरून आलेला जीव ज्याला गिळतो त्याचं हुबेहूब रूप घेतो, ही त्या कथेची जान. हॉवर्ड हॉक्स या निर्मात्याने १९५१ मध्ये तिच्यावर ‘द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड’ काढला. सिनेमा फक्कड आहे. त्यातली माणसं एकमेकांचं वाक्य तोडून ज्या झपाट्याने बोलतात, ते आजही ताजं वाटतं. अंधाऱ्या खोलीत त्या जीवावर रॉकेल ओतून त्याला पेटवून देतात तो प्रसंग तर अंगावर येतो. पण रूप बदलणारा जीव पडद्यावर आणणं तेव्हा आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून साडेसहा फुटांहून उंच जेम्स आर्नेस या नटाला रंगरंगोटी करून उभं केलं आणि हा वनस्पतीपासून झालेला प्राणी आहे, असं सांगून टाकलं. शेजारी बसलेला माणूस माणूसच आहे ना, ही मूळ कथेतली भीती तिथेच राहून गेली.

कार्पेंटरचं त्या जुन्या सिनेमावर प्रेम होतं. त्याच्या १९७८ सालच्या ‘हॅलोविन’मध्ये मुलं टीव्हीवर जो सिनेमा बघत बसतात, तो हाच. चार वर्षांनी त्याला स्वतःला संधी मिळाली तेव्हा त्याने त्या सिनेमाची नक्कल केली नाही, तो थेट कॅम्पबेलच्या कथेकडे गेला. तिथून त्याने उचललेला रक्ताच्या चाचणीचा प्रसंग एकदा नीट बघण्यासारखा आहे. नायक मॅकरेडी सहकाऱ्यांना बांधून बसवतो. प्रत्येकाच्या अंगठ्याला चीर देऊन रक्त काचेच्या बशीत घेतलेलं असतं. तो तांब्याची तार ज्वालेवर लालबुंद करतो आणि एकेका बशीत टेकवतो. चर्र असा आवाज होतो, तार निवते, तो माणूस सुटतो. पुन्हा तार तापवायची, पुन्हा चर्र. दोन-तीनदा हेच झाल्यावर प्रेक्षक सैलावतो, मॅकरेडीही सैलावतो. संशय ज्याच्यावर आहे त्याच्याशी तो हुज्जत घालत असतो, हातातली तार भलत्याच माणसाच्या बशीत जाते, आणि रक्त किंचाळत उडी मारतं. एक बशी, एक तार, थोडं रक्त. यात महागडं काहीच नाही. पण त्याआधी तासभर त्या जीवाची जी रूपं बघितलेली असतात, त्यांच्यामुळे ती बशी इतकी भयंकर वाटते.

ती रूपं घडवली रॉब बॉटिनने. कामाला लागला तेव्हा तो जेमतेम विशीत होता. फोम लेटेक्स, रबर, मेयॉनेज, मक्याची पेज, वितळवलेलं च्युइंग गम, हाताला लागेल ते त्याने वापरलं. वर्षाहून अधिक काळ सुट्टी न घेता राबला आणि शेवटी थकव्याने रुग्णालयात दाखल झाला. छातीवर झटका द्यायला गेलेल्या डॉक्टरचे हात ती छातीच दात उगवून तोडते, या दृश्यासाठी दोन्ही हात नसलेल्या माणसाला नकली हात लावून उभं केलं होतं. एवढं करून सिनेमा लागला जून १९८२ मध्ये, ‘ई. टी.’नंतर दोनच आठवड्यांनी. साऱ्या अमेरिकेला तेव्हा गोड परग्रहवासी हवा होता. समीक्षकांनी ‘द थिंग’ला किळसवाणा ठरवलं, गल्ला बेताचाच जमला. पुढे व्हिडिओ कॅसेटवर लोकांनी तो पुन्हापुन्हा पाहिला, आणि सिनेमा जगला.

‘द फ्लाय’ची गोष्टही याच वळणाची. १९५८ च्या सिनेमात शास्त्रज्ञाच्या धडावर माशीचं डोकं येतं, तेही एका क्षणात. डेव्हिड क्रोनेनबर्गने १९८६ मध्ये तो क्षण ताणून महिनाभराचा केला. जेफ गोल्डब्लमचा शास्त्रज्ञ रोज थोडाथोडा झडत जातो. आरशासमोर उभा असताना त्याचं नख अलगद निघून हातात येतं, आणि गळालेले अवयव तो न्हाणीघरातल्या औषधांच्या कपाटात मांडून ठेवतो. ज्याने घरात एखादं माणूस दीर्घ आजाराने खंगताना पाहिलं आहे, त्याला या दृश्यात माशी दिसतच नाही. मेकअपसाठी ख्रिस वॉलस आणि स्टेफान डुपुइ यांना ऑस्कर मिळालं ते योग्यच झालं.

याच्या उलट टोकाला १९९८ चा ‘सायको’. हिचकॉकने १९६० मध्ये आपल्या टीव्ही मालिकेची माणसं घेऊन, कृष्णधवल फिल्मवर, सुमारे आठ लाख डॉलरमध्ये तो केला होता. न्हाणीघरात वाहतं ते रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप. काटकसर त्या सिनेमाच्या अंगात इतकी भिनली आहे की तिच्याशिवाय त्याची कल्पना करता येत नाही. गस व्हॅन सांतने तोच सिनेमा जवळजवळ दृश्यामागून दृश्य, तेच संवाद, तेच संगीत घेऊन रंगीत काढला. खर्च सहा कोटी डॉलरच्या घरात. तो खर्चही सिनेमागृहांतून वसूल झाला नाही. व्हॅन सांत गुणी दिग्दर्शक आहे, त्याने हे मनापासून केलं, पण मूळ सिनेमात दुरुस्त करायला जागाच नव्हती.

मराठीत याचं एक जवळचं उदाहरण आहे. विशाल फुरियाने २०१७ मध्ये पूजा सावंतला घेऊन ‘लपाछपी’ केला आणि २०२१ मध्ये स्वतःच त्याचा हिंदी अवतार ‘छोरी’ काढला. गर्भारशी बाई, उसाच्या फडातलं एकाकी घर, मुलीच्या जन्माची घृणा : सगळं तेच. ‘छोरी’ अधिक देखणा आहे, तो अधिक लोकांपर्यंत पोहोचला आणि ते व्हायलाच हवं होतं. तरी ‘लपाछपी’त उषा नाईक ज्या ममतेने वाढतात, बोलतात आणि त्या ममतेखाली जे दडलेलं असतं, त्याने जो काटा येतो तो हिंदीत येत नाही. मराठी सिनेमात काही राहून गेलं नव्हतं. राहून गेला होता तो फक्त प्रेक्षक.

पैसा वाढला की दुसरंही एक नुकसान होतं. २०११ मध्ये ‘द थिंग’ याच नावाने कार्पेंटरच्या सिनेमाचा पूर्वभाग निघाला. अ‍ॅलेक गिलिस आणि टॉम वुड्रफ यांच्या कारखान्याने त्यासाठी यंत्रांवर हलणारे राक्षस घडवले, ते सेटवर आले, नटांसमोर उभे राहिले, चित्रितही झाले. नंतर त्यांतल्या बहुतेकांवर कॉम्प्युटरने काढलेली चित्रं चढवली गेली. प्रेक्षकाने पाहिलं ते गुळगुळीत, वजन नसलेलं काहीतरी. गिलिसने मग लोकवर्गणीतून साडेतीन लाख डॉलरहून अधिक जमवले आणि जहाजावर घडणारा ‘हार्बिंजर डाउन’ हा छोटा सिनेमा २०१५ मध्ये काढला, सगळे राक्षस हाताने केलेले. त्याची पटकथा कच्ची आहे, पात्रं लक्षात राहत नाहीत. पण त्यातले प्राणी ओले आहेत, जड आहेत, दिव्याचा उजेड त्यांच्या अंगावर पडतो तेव्हा खरोखर पडतो.

म्हणून कॉम्प्युटरला शिव्या घालण्यात मात्र अर्थ नाही. ताकाशी यामाझाकीचा ‘गॉडझिला मायनस वन’ हा २०२३ चा सिनेमा याचा पुरावा. जेमतेम ३५ कलाकारांच्या चमूने त्यातली ६१० दृश्यं केली, दिग्दर्शक स्वतःच दृश्य परिणामांचा प्रमुख होता, आणि हॉलिवूडच्या तुलनेत चिल्लर वाटावी एवढ्या खर्चात त्यांनी ऑस्कर मिळवलं. मोडक्या लाकडी होडीमागून पाणी कापत गॉडझिला येतो, तेव्हा त्याच्या डोक्याचं ओझं पाण्याला जाणवतं. १९५४ च्या पहिल्या ‘गोजिरा’त हारुओ नाकाजिमा शंभर किलोच्या आसपास वजनाचा पोशाख अंगावर चढवून चालत होता आणि त्या पोशाखात घामाने निथळत होता. सुमारे सत्तर वर्षांनी यामाझाकीने तेच वजन कॉम्प्युटरमध्ये उतरवलं. साधन बदललं, राक्षसाबद्दलची आस्था तीच राहिली.

ही आस्था स्वस्त सिनेमांत भरभरून सापडते, आणि त्यासाठीच चाहते त्यांच्याकडे परत परत जातात. अमेरिकेत रॉजर कॉर्मनने ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’चं मुख्य चित्रण दोन दिवसांत उरकलं, माणसं खाणाऱ्या झाडाच्या त्या गोष्टीवरून पुढे रंगभूमीवर संगीतिका झाली आणि १९८६ मध्ये मोठा सिनेमाही. आपल्याकडे रामसे बंधूंनी सख्ख्या भावांत कामं वाटून घेतली : कुणी दिग्दर्शन, कुणी कॅमेरा, कुणी ध्वनी. ‘दो गज जमीन के नीचे’साठी कलाकारांसह सगळं बिऱ्हाड महाबळेश्वरला नेलं. ‘पुराना मंदिर’मध्ये सामरी हा राक्षस झालेल्या अजय अगरवालची उंची आणि तो चेहरा ज्यांनी १९८४ मध्ये थिएटरात पाहिला, त्यांना तो आजही आठवतो. या सिनेमांतली गाणी आणि विनोद कंटाळवाणे आहेत, कथा उसन्या आहेत. पण सामरी दारात उभा राहिला की दार भरून जातं. तिथे एक माणूस खरोखर उभा आहे, हे आतल्या नटीला ठाऊक असतं आणि तिच्या डोळ्यांत ते दिसतं.

अशा सिनेमांत सर्वांत लाडका ‘द ब्लॉब’. १९५८ मध्ये हॉलिवूडपासून दूर पेनसिल्व्हेनियात, एरवी धार्मिक लघुपट काढणाऱ्या माणसांनी तो केला. नायक स्टीव्ह मॅक्वीन, पुढे जगभर गाजलेला, तेव्हा नवखा. राक्षस म्हणजे लाल रंग कालवलेलं सिलिकोन. ना डोळे, ना तोंड, ना हात. उल्केतून एक गोळा पडतो, काठीने डिवचणाऱ्या म्हाताऱ्याच्या हाताला चिकटतो, आणि माणसं खात खात वाढत जातो. छोट्या प्रतिकृतींवर सिलिकोन ओतून ते सरकताना टिपायचं, एवढीच सगळी करामत. राक्षसाला चेहराच न देण्याची कल्पना विलक्षण होती. पण तो गोळा माणसाला नेमकं काय करतो, हे दाखवणं त्या काळात आणि त्या खिशात बसत नव्हतं. माणूस किंचाळतो, आणि दृश्य बदलतं.

चक रसेलने १९८८ मध्ये ते दाखवलं. पटकथेत त्याच्या जोडीला फ्रँक डॅराबाँट होता, ज्याने पुढे ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ केला. त्यांनी आधी एक नेक, देखणा पोरगा नायक म्हणून आणला आणि सुरुवातीलाच त्याला गोळ्याच्या पोटात घातला. मग हॉटेलच्या मोरीत तुंबलेली नळी साफ करायला हात घालणारा माणूस अख्खाच्या अख्खा त्या नळीत ओढला जातो. लहान मुलगाही वाचत नाही. ज्याला धक्का लागणार नाही असं जुन्या सिनेमात जे जे होतं, त्याला त्यांनी धक्का लावला. हा सिनेमा आपटला आणि अजूनही त्याला हक्काचा मान मिळालेला नाही. ऐंशीच्या दशकातल्या पहिल्या प्रतीच्या भयपटांत त्याला बसवायला हवा.

एक प्रसंग मात्र त्यांनी आदराने जपला. दोन्ही सिनेमांत गोळा भरल्या थिएटरात शिरतो. जुन्यात तो प्रोजेक्टरच्या खोलीच्या झरोक्यांतून ओघळतो आणि रात्रीचा भयपट बघायला आलेले प्रेक्षक दारातून रस्त्यावर लोंढ्याने बाहेर पडतात. ते चित्रण फिनिक्सव्हिल गावातल्या कलोनियल थिएटरात झालं होतं. थिएटर अजून उभं आहे. या शतकाच्या सुरुवातीपासून गावात दर जुलैत ‘ब्लॉब’चा उत्सव भरतो. त्या वेळी थिएटर भरतं, ठरल्या क्षणी दारं उघडतात, आणि आजी-आजोबांपासून कडेवरच्या पोरांपर्यंत सगळे जिवाच्या आकांताने ओरडत त्याच दारातून, त्याच रस्त्यावर धावत सुटतात.